चिठ्ठी पोचते तेव्हा

सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरा मागे पडते, पुणे जिल्हा संपतो आणि साताऱ्याची हद्द लागते. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली? मूल पळवणारी गाडी खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकून पुलापलीकडे गेली, तर तक्रार घ्यायची कुणी? कायद्याचे उत्तर सरळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडो, गेलात त्या ठाण्यात नोंद व्हायला हवी. तरीही ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणणारा अंमलदार वाचकाला ओळखीचाच वाटेल.

आपल्या अपहरणकथांना मात्र अशा अंमलदाराचे वावडे. त्यांचा सगळा जीव खंडणीच्या चिठ्ठीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत नेले. अशा कथेत नायक वेळेत पोचणार, हे ठरलेले. त्यात गैर काही नाही. एसटीच्या प्रवासात उशिरा पोचणारा नायक कुणाला हवा? खटकते ते एवढेच की पैसे पोचले म्हणजे माणूस सुटतो, हे आपण निमूट मान्य करतो.

पुण्याचा अनुभव नेमका उलटा आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या टोळीने जानेवारी १९७६ मध्ये सुरुवात केली तीच अपहरणाने. टिळक रस्त्याजवळच्या एका हॉटेलमालकाच्या मुलाला, स्वतःच्याच ओळखीतल्या मुलाला, पळवले. त्याच्याच हातून चिठ्ठी लिहून घेतली, मग त्याला मारून मृतदेह पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला. चिठ्ठी घरी पोचली तेव्हा वाटाघाटी करण्याजोगे काही उरलेच नव्हते.

अमेरिकेत १९३२ साली वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे तेच झाले. ५० हजार डॉलर दिले गेले, मूल आधीच गेले होते. त्या घटनेच्या छायेत अगाथा ख्रिस्तीने १९३४ मध्ये ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ लिहिली. तिथे अपहरण कधीच होऊन गेलेले आहे. लेखिकेला रस आहे तो मागे राहिलेल्या माणसांत. मराठी लेखकांनी ही युक्ती जरूर उचलावी.

त्यासाठी फार लांब जायला नको. जानेवारी २०२२ मध्ये बालेवाडीतून चार वर्षांचा मुलगा पळवला गेला. शहरभर शोध चालला, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले. आठ दिवसांनी अपहरणकर्त्याने त्याला पुनावळ्यातल्या एका इमारतीच्या रखवालदाराकडे सोडले आणि तो निघून गेला. मुलाच्या बॅगेवर नंबर होता, फोन लागला, मूल घरी आले. ही बातमी ऐकून त्याला भेटायला निघालेली आत्या मात्र वाटेतच अपघातात गेली. कादंबरीत हे असेच लिहिले, तर संपादक आधी रखवालदाराच्या जागी इन्स्पेक्टर घालायला सांगेल आणि मग आत्याचे प्रकरण कापायला.