'मीरा'चा मारेकरी कोण? इचलकरंजीची मोटार आणि चुकीचा आरोपी

१/
समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एका छोट्या मोटारीचे छायाचित्र फिरते. खालचा मजकूर ठरलेला असतो. इचलकरंजीच्या सातवी शिकलेल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' बनवली, तिला एमएचके १९०६ हा क्रमांक मिळाला, ती अवघ्या १२,००० रुपयांत मिळणार होती. पण सुझुकीला आणायचे म्हणून सरकारने परवानगी नाकारली. कोल्हापुरात हा मजकूर ज्या संतापाने पुढे धाडला जातो, त्याच संतापाने तो भंडारा जिल्ह्यातील अड्याळमध्येही वाचला जातो. संताप रास्त आहे. परंतु तो ज्याच्यावर काढला जातो, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. आणि ज्यांचा होता, ते या कथेमुळे अलगद सुटतात.

२/
प्रथम मोटारीविषयी, कारण तिच्यावरचा पहिला अन्याय तिचे कौतुक करणारेच करतात. 'सातवी पास माणसाने गाडी बनवली' या वाक्यात विस्मय माणसाच्या शिक्षणाचा असतो, गाडीकडे कोणी पाहत नाही.

पाहिले तर काय दिसते? इंजिन मागच्या बाजूला. त्यामुळे पुढून मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा लांब दांडा लागत नाही, वजन घटते, आत पाय ठेवायला जागा मिळते. चाकांच्या निलंबनासाठी पोलादी पाट्यांऐवजी रबर. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाटे तुटतात आणि ते घडवायला भट्टी व उत्तम पोलाद लागते. रबर स्वस्त, हलके आणि बदलायला सोपे.

३/
ही 'जुगाड' बुद्धी नव्हती. इंजिन मागे ठेवण्याचा मार्ग जर्मनीची बीटल आणि १९५७ ची इटालियन फियाट ५०० यांनीही स्वीकारला होता. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अवतरलेल्या सुप्रसिद्ध मिनीच्या निलंबनात रबरच होते. इचलकरंजीतला एक कारागीर युरोपातल्या अभियंत्यांच्याच प्रश्नाशी झुंजत होता: कमी धातूत, कमी पैशात चार माणसे कशी वाहून न्यावीत? आणि हे एकदाच करून तो थांबला नाही. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मीराची नवनवी रूपे घडवत राहिला.

४/
आता तो क्रमांक. १९४९ मध्ये महाराष्ट्र नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. कोल्हापूर संस्थान त्याच वर्षी १ मार्चला मुंबई प्रांतात विलीन झाले होते आणि मुंबईच्या गाड्यांचे क्रमांक 'बी' या अक्षराने सुरू होत. अड्याळ तर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. 'एमएच'ने सुरू होणारी पाटी इचलकरंजीच्या काय किंवा अड्याळच्या काय, कोणत्याही गाडीवर १ मे १९६० पूर्वी लागणे शक्य नाही.

म्हणजे क्रमांक खरा मानला, तर तो नंतरच्या एखाद्या रूपाचा. पहिल्या मोटारीचे साल आणि नंतरच्या मोटारीची पाटी कोणीतरी एका वाक्यात बसवली आणि हजारो इतिहासप्रेमींनी ती तशीच पुढे ढकलली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान पाटी तरी वाचावी!

५/
पाटीची चूक निरुपद्रवी म्हणता येईल. सुझुकीची चूक तशी नाही. भारत सरकारच्या मारुती उद्योगाचा सुझुकीशी करार झाला ऑक्टोबर १९८२ मध्ये. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली डिसेंबर १९८३ मध्ये. मारुती उद्योग ही सरकारी कंपनीच मुळी १९८१ ची. मीराची धडपड त्याआधीची तब्बल पाव शतकाची. १९५५ किंवा १९६५ मध्ये कुलकर्णींच्या वाटेत जपानी कंपनी कशी उभी राहिली असेल, हे सांगण्याची तसदी फॉरवर्ड लिहिणाऱ्याने घेतलेली नाही.

६/
मग वाटेत कोण होते? एक कायदा. उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१. त्याच्या पहिल्या अनुसूचीत मोटारगाड्यांचा समावेश होता. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी ५० किंवा अधिक कामगार (विजेविना १००) असले की तो कायद्याच्या दृष्टीने कारखाना ठरे आणि अनुसूचीतला माल बनवण्यासाठी केंद्राचा परवाना लागे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्या कर्मशाळेत एक मोटार बनवायला कुलकर्णींना कोणाचीच आडकाठी नव्हती. दुसरी, तिसरी बनवायलाही नव्हती. आडकाठी होती ती हजार मोटारी बनवायला. म्हणूनच मीराची रूपे अनेक झाली आणि ग्राहक एकही झाला नाही. तिला मारण्यासाठी कोणा दुष्टाने कट करण्याची गरजच पडली नाही. दिल्लीत एक अर्ज पडून राहणे पुरेसे होते.

७/
१२,००० रुपयांचा आकडाही याच उजेडात पाहावा लागतो. ती किंमत नव्हती, अंदाज होता. त्या भावाने मीरा कोणी विकत घेतली नाही. असा अंदाज मोठ्या संख्येने उत्पादन झाले तरच खरा ठरतो आणि संख्या तर परवान्यात अडकलेली.

तरीही तो आकडा महत्त्वाचा आहे. १९६९ च्या सुमारास सरकारनियंत्रित भावाने अॅम्बॅसॅडर किंवा फियाट सुमारे १५,००० रुपयांना पडे, आणि तीही मागाल तेव्हा नव्हे. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड या तीन कंपन्या मिळून साऱ्या देशासाठी वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनवत नव्हत्या. भंडारा–पवनी पट्ट्यातला एखादा डॉक्टर किंवा धानाचा व्यापारी या रांगेत कुठे उभा असेल, याची कल्पना केलेली बरी. मीरा अशाच माणसासाठी होती: ज्याच्या रस्त्यात खड्डे आहेत आणि ज्याचे दिल्लीत कोणी नाही.

८/
परवाने कोणाला मिळत, हे गुपित नव्हते. अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात दाखवले की बिर्ला समूहासारखी मोठी घराणी एकाच वेळी ढीगभर अर्ज करून पुढची उत्पादनक्षमता आधीच अडवून ठेवत. १९६९ च्या दत्त समितीने हीच तक्रार अधिक विस्ताराने नोंदवली. अॅम्बॅसॅडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स बिर्लांचीच. ज्या व्यवस्थेची जाहीर प्रतिज्ञा मक्तेदारी रोखण्याची होती, तिने मक्तेदारांना कुंपण बांधून दिले.

९/
आणि कुंपणाला फाटक नव्हते, असेही नाही. १९७० मध्ये छोट्या मोटारीसाठी सरकारने इरादापत्र दिलेच. ते मिळालेल्यांत संजय गांधी होते. वय तेविशीच्या आसपास, रोल्स-रॉइसमधली उमेदवारी अर्धवट सोडलेली, आई देशाच्या पंतप्रधान. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड स्थापन झाली. हरियाणात, गुडगावला, सुमारे ३०० एकर जमीन मिळाली. १९७४ मध्ये औद्योगिक परवानाही मिळाला. बाजारात मोटार मात्र आली नाही, आणि १९७८ मध्ये न्यायालयाने कंपनी गुंडाळायला लावली.

ज्याच्यापाशी वीस वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर धावणारी मोटार होती, तो बाहेर. ज्याच्यापाशी नाव होते, तो आत. मीरावरील अन्यायाचा पुरावा हवा असेल तर तो येथे आहे. सुझुकीला त्यात ओढले की १९५१ चा कायदाही निसटतो आणि १९७० चे इरादापत्रही.

१०/
'हा मराठी माणसावरचा अन्याय' ही पुरवणीही टिकत नाही. तीन परवानाधारकांपैकी प्रीमियरचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता आणि तो उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. दुसरीकडे तिरुवनंतपुरमच्या के. ए. बालकृष्ण मेनन यांनी १९६६ मध्ये घडवलेली 'अरविंद' ही मोटारही नमुन्याच्या पुढे गेली नाही. मेनन मल्याळी, कुलकर्णी मराठी; दोघांचा दोष एकच, की ते कोणत्याही घराण्याचे नव्हते. भाषेची रेघ ओढली की हे साम्य दिसेनासे होते.

११/
'कथा थोडी चुकीची असली म्हणून काय झाले, अभिमान तर वाटतो ना?' असे प्रतिसादांत विचारले जाईलच. अभिमानाला मीराचे रबरी निलंबन पुरेसे आहे. राहिला प्रश्न दोषाचा. संजय गांधींच्या मारुती प्रकरणाच्या चौकशीसाठी १९७७ मध्ये न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९७९ मध्ये आला, आणि इरादापत्रापासून जमिनीपर्यंतचा व्यवहार त्यात तपासलेला आहे. पुढच्या वेळी ते छायाचित्र अड्याळच्या एखाद्या गटात येऊन पडेल, तेव्हा त्याखाली सुझुकीऐवजी त्या अहवालाचे नाव लिहावे.