वेग नव्हे, पकड!



निळा रंग, त्यावर पिवळी नक्षी, सोनेरी चाकं, बॉनेटवर हवा आत जाण्यासाठी केलेलं मोठं तोंड आणि मागे डिकीवर पंखासारखी आडवी पट्टी. ओळखा पाहू कोणती गाडी? गाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे हात लगेच वर झाले असतील. 'बाई, सुबारू इम्प्रेझा!'

शाब्बास! पण सातवीतल्या एका मित्राने पत्रातून विचारलं आहे, "ही तर चार दारांची घरगुती गाडी दिसते. मग ती शर्यतीत कशी काय जिंकते?" प्रश्न फक्कड आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

आधी नावाची गंमत. आकाशातल्या ज्या तारकापुंजाला आपण कृत्तिका म्हणतो, त्याला जपानी भाषेत 'सुबारू' म्हणतात. आपल्या कार्तिक महिन्याला ज्या नक्षत्रावरून नाव मिळालं, तेच हे नक्षत्र! १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज ही मोठी कंपनी झाली. तिने आपल्या मोटारींना हे नाव दिलं. म्हणून गाडीच्या बिल्ल्यावर एक मोठा आणि पाच लहान असे सहा तारे असतात. आपल्या पुराणातही कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच, बरं का!

बर्फातून आलेली युक्ती

आता रॅली म्हणजे काय ते पाहू. गोल गोल फिरायचं मैदान इथे नसतं. खरेखुरे रस्ते तेवढ्या वेळेपुरते रहदारीला बंद करतात. कुठे डांबर, कुठे खडी, कुठे चिखल, तर कुठे बर्फ. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडतात. प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. अशा रस्त्यावर नुसता वेग असून भागत नाही. चाकाने जमीन धरून ठेवायला हवी.

पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. इंजिन घुर्र घुर्र करतं, चाकं गरागरा फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. कारण बहुतेक मोटारींत इंजिन फक्त दोन चाकांना फिरवतं. ती दोन घसरली की संपलं! पण तेच बळ चारही चाकांना वाटून दिलं तर? प्रत्येक चाकावरचा भार कमी होतो, म्हणून ते लवकर घसरत नाही. लग्नघरातला जड हंडा दोघांऐवजी चौघांनी उचलावा, तसंच हे.

सुबारूला ही युक्ती शर्यतीसाठी सुचली नव्हती. जपानच्या ईशान्येला तोहोकु नावाचा भाग आहे. तिथे हिवाळ्यात खूप बर्फ पडतं. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना बर्फातून जाऊन तारांची देखभाल करावी लागे. जीप असे, पण तिच्यात थंडीने हाडं गोठत. जीपसारखी चारही चाकं ओढणारी, पण मोटारीसारखी उबदार गाडी त्यांना हवी होती. त्यातून १९७२ साली सुबारूची लिओन ही चारही चाकं ओढणारी मोटार बाजारात आली. पुढे वीस वर्षांनी, १९९२ साली, इम्प्रेझा आली तेव्हा ही युक्ती तिच्या अंगात मुरलेली होती. म्हणजे तुमच्या पडद्यावर धुरळा उडवणाऱ्या गाडीची आजी वीज दुरुस्त करणाऱ्यांच्या कामाची होती!

आडवं इंजिन आणि फुंकणी

बहुतेक इंजिनांत दट्ट्ये उभे वर-खाली होतात. इम्प्रेझात ते आडवे असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. समोरासमोरचे दोन दट्ट्ये एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. मुष्टियोद्धे ठोसे मारतात तसे दिसतात, म्हणून या इंजिनाला 'बॉक्सर' म्हणतात. एकाचा धक्का दुसरा बराचसा मारून टाकतो, त्यामुळे थरथर कमी होते. शिवाय आडवं इंजिन बुटकं असल्यामुळे गाडीचं वजन जमिनीलगत राहतं. फळीवर एक उभी बाटली आणि एक ताटली ठेवून फळी हळूहळू तिरकी करा. आधी कोण कलंडतं? वळणावर बुटकेपणाचा काय फायदा, ते कळेल.

आणि बळ कुठून येतं? आजीची चूल आठवा. फुंकणीने हवा घातली की जाळ कसा भडकतो! टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. बाहेर जाणारा तापलेला धूर एक भिंगरी फिरवतो आणि ती भिंगरी आत जास्त हवा दाबून भरते. पण दाबलेली हवा गरम होते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं ना, तसंच. गरम हवा पसरलेली असते, ती थंड करावी लागते. बॉनेटवरचं ते मोठं तोंड त्यासाठीच आहे, ऐट दाखवायला नाही. जपानमध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचं बळ होतं सुमारे २४० अश्वशक्ती. तुमच्या आईबाबांच्या लहानपणीच्या मारुती ८०० च्या सुमारे सहापट!

आता चार दारांचं कोडं. रॅलीच्या 'ग्रुप ए' गटाचा त्या वेळी एक नियम होता. ज्या गाडीने शर्यतीत उतरायचं, तशा किमान अडीच हजार गाड्या बारा महिन्यांत बनवायच्या. मग इतक्या गाड्या घेणार कोण? साधी माणसंच ना! म्हणून कंपन्यांनी घरगुती गाडीतच शर्यतीचं सामान बसवलं. मागे मुलं बसू शकतील, डिकीत सामान मावेल आणि जंगलातल्या वाटेवर जिंकेलही, अशी गाडी त्या नियमातून जन्मली. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन ही तिची पाठीराखी प्रतिस्पर्धी, तीही याच नियमाची लेक.

आवाजावर विश्वास

१९९५ चा नोव्हेंबर. वर्षातली शेवटची रॅली ब्रिटनच्या ओल्या जंगलांत होती. स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे आणि स्पेनचा कार्लोस साइन्झ यांचे गुण अगदी सारखे, ७० आणि ७०. दोघेही सुबारूच्याच संघात, दोघांकडे इम्प्रेझाच. वाटेत मॅक्रेचं चाक पंक्चर झालं आणि सुमारे दोन मिनिटं गेली. रॅलीत दोन मिनिटं म्हणजे डोंगरच! पण तो डगमगला नाही. एकेक सेकंद वेचत त्याने साइन्झला गाठलं आणि अखेर ३६ सेकंदांनी रॅली जिंकली. २७ व्या वर्षी तो जगज्जेता झाला. सर्वांत तरुण जगज्जेत्याचा त्याचा हा विक्रम २०२२ सालापर्यंत टिकला. तो मोडला फिनलंडच्या काले रोवानपेराने, वयाच्या २२ व्या वर्षी. सुबारूने १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षं उत्पादकांचं जगज्जेतेपद मिळवलं.

पण मॅक्रे गाडीत एकटा नव्हता. शेजारी वही घेऊन डेरेक रिंगर बसला होता. रॅलीत प्रत्येक चालकाला असा सहचालक असतो. शर्यतीपूर्वी दोघं त्याच रस्त्यावरून हळू गाडी नेतात. चालक सांगतो, सहचालक लिहून घेतो. कुठे वळण, किती अवघड, कुठे दगड, कुठे उंचवटा. अनेकजण वळणांना एक ते सहा आकडे देतात. एक म्हणजे फार सावकाश घ्यायचं वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. शर्यतीत सहचालक हे वाचत जातो आणि समोर झाडी, धुकं, काही दिसत नसतानाही चालक त्या आवाजावर विसंबून गाडी वळवतो.

१९९८ साली आलेल्या 'कॉलिन मॅक्रे रॅली' या गेममध्ये वळणं सांगणारा आवाज आहे ना, तो मॅक्रेचा नंतरचा खराखुरा सहचालक निकी ग्रिस्ट याचा आहे. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा तो आवाज नीट ऐका.

पडदा आणि रस्ता

मित्रांनो, गेममध्ये वेग दिसतो, पण पकड सुटताना पोटात उठणारा गोळा जाणवत नाही. गाडी झाडावर आदळली तर एक बटण दाबलं की पुन्हा सुरुवात. खऱ्या रस्त्याला ते बटण नाही. रॅलीचा रस्ता बंद असतो, चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं, गाडीत पोलादी पिंजरा असतो. आपला रस्ता उघडा असतो. वळणापलीकडे दूध घेऊन येणारी आजी असते, गुरं असतात, तुमच्यासारखीच सायकलवरची मुलं असतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबते, असं मुळीच नाही. थांबण्याची वेळ आली की ओला रस्ता सर्वांना सारखाच निसरडा! तुमचा दादा नवी गाडी भरधाव काढत असेल, तर हे त्याला जरूर वाचून दाखवा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. 'गेम बंद कर' म्हणण्याआधी एकदा दहा मिनिटं शेजारी बसा. पडद्यावरचा आवाज बंद ठेवा आणि वळणं तुम्ही सांगा. मुलगा किंवा मुलगी तुमचं किती ऐकते ते पाहा!

करून पाहा

मोकळ्या मैदानावर पाच-सहा दप्तरं वाकडीतिकडी मांडा. जोडी करा. आधी उघड्या डोळ्यांनी चालत जा आणि जोडीदाराला वहीत लिहायला सांगा: 'दहा पावलं, डावीकडे तीन, पाच पावलं, उजवीकडे एक.' मग डोळ्यांवर रुमाल बांधा आणि जोडीदाराच्या आवाजावर चाला. फक्त चालायचं, धावायचं नाही. मोठं माणूस जवळ असू द्या. नंतर अदलाबदल करा.

एक गोष्ट लवकरच ध्यानात येईल. वळण आल्यावर सांगून उपयोग नाही, ते थोडं आधी सांगावं लागतं. किती पावलं आधी? तुमच्या जोडीचं उत्तर पत्राने जरूर कळवा.

तुमच्या,
बाई