ऑटोमॅटिकची मॅन्युअल : हिशेब मांडला तेव्हा

गणेशोत्सवात दोन तरुण मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तुम्ही घरीच मॅन्युअल बसवलात म्हणे! किती वाचले?" उत्तर जेवणाच्या रांगेत देण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो. मत आधीच सांगतो : पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करू नये.

आमच्या चौदा वर्षांच्या सेडानचा गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने दुसरा बसवायचे ३२०० डॉलर सांगितले. सुटीवर घरी आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, आपणच मॅन्युअल करू." मलाही सुरसुरी आली. शिवाय सौ. मुंबईत प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकलेली, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकणारी. क्लचचे तिला काय भय!

नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही. क्लचचे पेडल, त्याचे दोन सिलिंडर, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरचा दांडा आणि जोडण्या, चाकांकडे जाणारे शाफ्ट, इंजिनाचे माउंट, इतके सगळे लागते. सुटे भाग गोळा करण्यापेक्षा त्याच मॉडेलची अपघातात चेपलेली मॅन्युअल गाडी घ्यावी. नेमका कोणता बोल्ट लागतो हे तिच्यात दिसते. आम्ही तशी १४०० डॉलरला घेतली. नवा क्लच व फ्लायव्हील घासणे ३८०, तेल, सील, माउंट २६०, अवजारांचे भाडे १९०, गाड्या ओढून आणण्याचे २२०. सांगाडा भंगारात ३०० ला गेला. निव्वळ खर्च २१५०, म्हणजे १०५० वाचले. पण दोघांचे मिळून ११० तास गेले. ताशी साडेनऊ डॉलर! न्यू जर्सीत किमान वेतनच २०२४ पासून पंधराच्या वर आहे.

गाडीच्या संगणकाचे आम्ही विसरलोच होतो. तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधत राहतो, सापडत नाही, आणि 'चेक इंजिन'चा दिवा लावतो. आपल्या राज्याच्या दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत १९९६ नंतरच्या गाडीचा हा दिवा पेटलेला असला की गाडी नापास. दात्या गाडीचा संगणक काढून ठेवला होता म्हणून निभावले. विमा कंपनीला बदल कळवणेही राहून गेले होते. पुढे क्लेम करताना वाद नको, म्हणून तो फोन आधीच करावा.

आता खरी भीतीची गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते, कारण गिअरबॉक्सवर तसा स्विच असतो. तो गेल्यावर त्याच्या तारा क्लचच्या पेडलावरील स्विचला जोडायच्या असतात. आम्ही घाईत त्या नुसत्या एकमेकींना जोडल्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. मी सवयीने, क्लच न दाबता किल्ली फिरवली आणि ती उडी मारून गॅरेजमधल्या फ्रीझरवर आदळली. मुलगा क्षणापूर्वी तिथे उभा होता. फ्रीझरचे दार चेपले, आतल्या पुरणपोळ्या वाचल्या, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तो स्विच दुसऱ्याच दिवशी नीट जोडला.

कंबरेचेही सांगतो. जुना ऑटोमॅटिक दीडशे पौंडांहून जड निघाला. तो छातीवर झेलायचा विचार पन्नाशीनंतर करू नये; त्यासाठीचा खास जॅक भाड्याने मिळतो. आणि साध्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, खाली स्टँड लावल्याशिवाय, कुणीही शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

पूर्वी मॅन्युअलला पेट्रोल कमी लागे. आजच्या आठ-आठ गिअरच्या ऑटोमॅटिकपुढे तोही फायदा फारसा उरलेला नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईकही कमी, कारण अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत मॅन्युअल आता शेकडा दोनसुद्धा नाहीत. मॅन्युअल चालवायचीच हौस असेल तर कारखान्यातून तशीच आलेली जुनी गाडी शोधावी. दुरुस्तीची हौस असेल, घरात कामावर जायला दुसरी गाडी असेल आणि पाच शनिवार-रविवार मोकळे असतील, तर मात्र मी अडवणार नाही. मुलाशी इतके तास मी त्याच्या शाळेच्या दिवसांतही बोललो नव्हतो.

क्लच प्लेट मधोमध बसवायचा प्लास्टिकचा दांडा माझ्याकडे पडून आहे. कुणाला हवा असल्यास घेऊन जावा. जॅक स्टँड मात्र स्वतःचे विकत आणावेत.