पाच वॉटची हौस

हॅम मंडळींत 'क्यूआरपी' म्हणजे मोर्सवर जास्तीत जास्त ५ वॉट. १०० वॉटवाले हसतात. पण हिशेब बघा: १०० वरून ५ वर आलं, तर समोरच्याच्या मीटरवर सिग्नल साधारण दोन 'एस' अंकांनीच घसरतो. गच्चीवरची तार नीट ताणलेली असेल आणि आयनांबर साथ देत असेल, तर मोटरसायकलच्या बॅटरीवरही समुद्रापार बोलणं होतं.

अर्थात, बँडवर गोंगाट असला की तासभर हाका मारूनही कुणी ओ देत नाही. माइकवर बोलायचं तर आणखीच हाल.

मला विचाराल तर हौसेला ५ पुरे. पण पूर-वादळात निरोप पोचलाच पाहिजे, तिथे हा हट्ट निव्वळ अहंकार. म्हणून १०० वॉटचा सेट मी विकलेला नाही. झाकून ठेवलाय.