पड



आमच्या संघटनेतल्या एका मैत्रिणीचं 20 गुंठे रान, नवरा गेल्यापासून पाच वर्षं पडून होतं. ‘बाईच्यानं काय होणार’ असं दीर म्हणायचा, आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. मार्चच्या बैठकीत ठरलं, आपण अकराजणी मिळून ते साफ करू. सकाळी सहा ते नऊ, मग ज्या त्या आपापल्या रोजावर.

नवखी मी एकटीच, असं मला वाटलं होतं. समाजकार्याच्या पदवीत ‘संसाधनांवरील हक्क’ शिकले, कुदळ धरायला नाही. पण खुरपण्यात आयुष्य गेलेल्या बायकाही बांधावर उभ्या राहून एकमेकींकडे बघत होत्या. कुठून सुरुवात करायची, आधी काय काढायचं, हे आजवर मालकच सांगत आलेला. त्या अर्थानं आम्ही सगळ्याच नवख्या.

पहिले दोन दिवस विळ्यानं वरवर कापत सुटलो. रान मोकळं दिसलं, फोटोसुद्धा काढले! वळवाचा एक पाऊस झाला आणि हराळी पुन्हा हिरवीगार. मग गटातल्या सर्वांत वयस्क बाईनं सूत्रं हाती घेतली. मे महिन्याच्या उन्हात हातभर खोल खणायचं, ढेकळं उलटी टाकायची, पांढऱ्या मुळ्या वाळू द्यायच्या आणि मग वेचायच्या. बांधावर फेकायच्या नाहीत, एका कांडीपासूनही हराळी पुन्हा धरते. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटायचं, तेही हातांना फडकं बांधून. आम्ही ते बांधलं नाही म्हणून दोघींच्या हातांवर पुरळ उठलं. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुडख्यातून फुटते, म्हणून बुंधे खणून काढले. त्याचं सरपण वाटून घेतलं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र इतक्या खोल की एका हंगामात तो जाणारच नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं.

निम्मं रान साफ झालं आणि एका सकाळी दीर ट्रॅक्टर घेऊन हजर. ‘आता साफ झालंच आहे, तर आम्ही पेरतो.’ जमीन पडीक होती तोवर ती कुणाला नको होती. सातबारा काढला, तर त्यावर अजून मयत नवऱ्याचंच नाव. वारस नोंद झालेलीच नव्हती.

इथे आम्हाला स्वतःलाच जाब विचारावा लागतो. ही मैत्रीण चार वर्षांपासून आमची सभासद आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी राज्याची 1994 ची दुरुस्ती आणि केंद्राची 2005 ची, दोन्ही आम्ही शिबिरांत शिकवतो. तिचा सातबारा मात्र एकीनंही बघितला नाही.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची विधवा, मुलं-मुली आणि आई हे वर्ग 1 चे वारस. म्हणजे इथे ती, तिच्या दोन मुली आणि सासू. दीर त्यात येतच नाही. म्हणूनच तो सासूच्या नावानं बोलतो. सासू अजून कुणाच्याच बाजूनं बोललेली नाही. तिला दोष देववत नाही, तिला दोन वेळची भाकरी त्याच घरात मिळते.

मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे (हुद्द्याचं नाव आता बदललं, गावात तलाठीच म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज दिला. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. आम्ही पाच वर्षांनी दिली. दिरानं हरकत घेतली आहे. आणखी एक अडचण : 2021 पासून पिकाची नोंद खातेदारानं मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत करायची. खातंच नावावर नाही, तर ती नोंद तिनं कशी करायची?

ट्रॅक्टर त्या दिवशी परत गेला, कारण अकराजणी रानात बसून राहिल्या. जूनमध्ये ताग पेरला. फुलोऱ्यावर आला की गाडायचा आहे. तागातूनही लव्हाळा वर आलाच आहे.

तुमच्या गटातल्या विधवा मैत्रिणींचे सातबारे या महिन्यात काढून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. आमच्याकडे सुनावणीची तारीख लागायची आहे. त्या दिवशी अकराहीजणी जाणार. बुडणारा रोज गटाच्या फंडातून द्यायचं ठरलं आहे.