फराळाबरोबर कथासंग्रह

मैत्रिणींनो, खोपोलीच्या एका वाचक भगिनीनं विचारलंय : स्वखर्चानं काढलेल्या माझ्या कथासंग्रहाच्या प्रती कॉटखाली पडून आहेत. दिवाळीत सोडत काढून वाचकांना दहा प्रती भेट दिल्या, तर संग्रहाचं नाव होईल का? यजमान म्हणतात, फुकटचं कोणी वाचत नाही.

यजमान अगदीच खोटं बोलत नाहीत हं! पण दिवाळी निवडलीत हे उत्तम. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, पुढं फराळ आणि वाचन यांची आपल्याकडे जोडीच जमली. कथा घरोघरी पोचली तीही अशा अंकांतून.

सोडत मात्र नको. ‘पुस्तक घ्या नि चिठ्ठी टाका’ हे तर मुळीच नको. विक्री वाढावी म्हणून काढलेली सोडत किंवा स्पर्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. शिवाय जिला वाचायचंय तिचीच चिठ्ठी निघेल, असं थोडंच आहे? सरळ भेट द्या, आणि जी मागेल तिला द्या. ‘पुस्तक हवं’ म्हणून जिनं स्वतःहून दोन ओळी लिहिल्या, ती निदान पहिलं पान तरी उलटेल.

आता वेळेचं. आपल्या कर्जत-खालापुरात हे भातकापणीचे दिवस. दिवसभर शेतात वाकलेली बाई संध्याकाळी चकल्या तळणार, की तुमची कथा वाचणार? म्हणून पुस्तक भाऊबीजेला द्या, अभिप्राय मात्र त्रिपुरी पौर्णिमेनंतर मागा. झोडणी लांबली तर आणखी थांबा. त्यात अपमान कसला?

प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवा. वाचणारीनं त्यावर नाव, गाव आणि आवडलेली कथा लिहायची नि पुस्तक पुढं द्यायचं. कशेळ्याची प्रत कडावला, चौकची वावोशीला गेली पाहिजे. एक प्रत खोपोली-कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात जरूर द्या. लहानशी कथा तेवढ्या प्रवासात सहज संपते, आणि तिच्यावरचं भांडण परतीच्या गाडीत! जिला स्वतःची प्रत हवीशी वाटेल, तिच्यासाठी त्याच कागदावर किंमत आणि पुस्तक मिळण्याचं ठिकाण लिहून ठेवा. दोन-तीन प्रती कुणाकडे राहिल्या तर राहू द्यात.

लांबच्या वाचकांसाठी टपाल आहेच. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. तेव्हाचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. कथासंग्रह त्यात बसतो का, हे खिडकीवर आधी विचारा, मगच पाकीट बांधा.

आणि हो, कॉटखालच्या प्रती काढल्यावर आधी वाळवी पाहा. आपल्याकडचा पावसाळा पुस्तकांना फार बाधतो. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर उभ्या ठेवा. राहिलेल्या प्रती परत ठेवताना जमिनीवर नकोत, फळीवर ठेवा आणि मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.