उसातला शेजारी

आमच्या मावशीचे घर अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठी. दिवाळीला गेलो की रात्री अंगणात उतरताना ती बजावते, "बॅटरी घे आणि मोठ्यानं बोलत जा रे!" भय चोराचे नव्हे, उसात बिबट्या असतो.

"असेल एखादा," मी एकदा म्हणालो.

"एखादा? अरे, फोटो काढून मोजलेत त्यांना!"

मावशीचे खरे निघाले. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या खोऱ्यात वाटावाटांवर कॅमेरे लावले होते. समोरून ऊबदार अंग हलले की कॅमेरा आपण होऊन फोटो घेतो. एकेका जागी कॅमेरे दोन, समोरासमोर. कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजवीशी जुळत नाहीत आणि एकाचे दुसऱ्याशी तर नाहीतच. जणू अंगठ्याचा ठसाच! २०१३ साली निष्कर्ष छापून आला: १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे, जवळजवळ तितकेच तरस, आणि माणसे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक! पोटापाण्याला मुख्यतः गावची कुत्री.

"मग धरून लांब का सोडत नाहीत?" मावशीचा प्रश्न. तिची नातवंडे लहान. बिबट्याने मूल नेल्याच्या बातम्या जिल्ह्यात येतात. तिला हसण्यावारी कसे न्यावे?

पण तेही करून झाले आहे. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे धरून दूर सोडू लागले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ साली काढलेला 'आजोबा' माळशेजला सोडला, तो सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईला पोचला! सोडलेल्या जागी जनावर राहत नाही आणि रिकाम्या जागी दुसरे येते.

तेव्हा मी सांगितले, "मावशी, शेळ्या रात्री बंद गोठ्यात, पोरे तिन्हीसांजेला घरात, आणि उकिरडा दूर. उकिरडा असला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो."

वसुबारसेला शेजारच्या आदिवासी वाड्यांत वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवतात. यंदा मावशीनेही हात जोडले. मग उठून गोठ्याची कडी दोनदा ओढून पाहिली. मला वाटते, दोन्ही करणारा माणूसच शहाणा.